ओढ्यापलीकडचा पाइपवाला

८ मार्च, शनिवार

आज मला बॅगपाइपच्या बँडमधून काढलं. मला. हेक्टर गिलिसला. ज्याचा बाप या बँडचा पाइप मेजर, म्हणजे म्होरक्या होता, ज्याच्या घरात पोरं रांगायच्या आधी फुंकायला शिकतात, त्याला. तेही कुठे, तर चर्चच्या पार्किंगमध्ये, माझ्याच ट्रकच्या दाराला टेकून.

कारण काय, तर म्हाताऱ्या वेंडेलचा अंत्यविधी. टेकडीवरच्या दफनभूमीपर्यंत शवपेटी नेताना शोकधून वाजवायची होती. वाजवली की मी. फक्त मधे मधे ब्लूग्रासच्या, आमच्या या डोंगरातल्या बँजो-फिडलच्या संगीताच्या, चार हरकती टाकल्या, बँजोवर बोटं कशी पळतात तशा. धून इतकी जिवंत झाली की खांदेकरी भराभरा चालायला लागले. शेवटच्या चढावर तर पळालेच. एकाचा बूट निसटला. वेंडेलची बायको धापा टाकत मागे राहिली. यात माझा काय दोष? पळा असं मी कुणाला म्हटलं नव्हतं.

पाइप मेजर रॅनल्ड लामाँट म्हणतो, मेलेल्या माणसाला इतक्या घाईने पुरायचं नसतं. मी म्हटलं, वेंडेल जन्मभर ब्लूग्रास ऐकायचा. तर म्हणे, हो, पण तेव्हा तो खुर्चीत बसून ऐकायचा.

अंगाची नुसती लाही झाली. घरी येऊन वर्नाला सगळं सांगितलं, हातवारे करून. बायकोने ऐकून घेतलं आणि विचारलं, बीन्स गरम करू का.

९ मार्च, रविवार

चर्चला गेलो नाही. रॅनल्डचं तोंड बघायचं नाही. कोठारामागे बसून विचार केला आणि डोक्यात असा काही उजेड पडला की मीच दचकलो.

आमचे पूर्वज स्कॉटलंडहून जहाजात बसून अमेरिकेत आले ते पाइप घेऊन. या डोंगरात आल्यावर त्यांच्या पोरांनी पाइप खाली ठेवला, फिडल उचललं, पुढे बँजो. धुना त्याच. म्हणजे ब्लूग्रास हे आमच्याच घरातून पळून गेलेलं कार्टं आहे. त्याला कान धरून परत आणायचं. पाइप आणि बँजो एकाच स्टेजवर, जुलैच्या डोंगर मेळ्यात! इतकी वर्षं मेळ्यात पाइपवाले मैदानाच्या या टोकाला, बँजोवाले त्या टोकाला आणि मधे मेंढ्यांचे तंबू. कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या आलं.

रॅनल्ड, तू बघच.

आजपासून रागवायचं नाही. कलावंताने शांत असावं.

९ मार्च, संध्याकाळ

हरणांनी ख्रिसमसच्या झाडांची नवी रोपं पुन्हा कुरतडली. हरणांवर ओरडून घसा बसला.

१३ मार्च, गुरुवार

बँजो ओडेल वाजवणार. ओडेल प्रेसनेल, माझा मेहुणा, वर्नाचा धाकटा भाऊ. ओढ्याच्या वळणावर ट्रॅक्टर दुरुस्त करतो. त्याला समजावता समजावता माझ्या तोंडाला फेस आला. म्हणतो, “दाजी, तुमचा पाइप म्हणजे पिशवीत कोंडलेलं रानडुक्कर. त्याच्यापुढे आमचा बँजो म्हणजे कुणीतरी चमचे वाजवतंय.” मी म्हटलं, चमचेवाल्यांनाही जगात जागा आहे. त्यावर हसला, नालायक. शेवटी वर्ना म्हणाली, “ये रे, माझ्यासाठी ये,” तेव्हा हो म्हणाला. कल्पनेने भारावला होता, कबूल करायला लाजत होता.

फिडलला इमोजीन ट्रिपलेट. सत्तरी उलटलेली, पोस्टातून रिटायर, जीभ वस्तऱ्यासारखी. म्हणाल्या, “हेक्टर, तुझ्याबरोबर वाजवायला अख्ख्या दरीत मी एकटीच लायक आहे. मला कानातलं मशीन काढून ठेवता येतं.” माणसाची पारख असलेली बाई.

खर्जाच्या बासला क्लॉइड. तो काही बोलला नाही. तो कधीच बोलत नाही. मान हलवली, म्हणजे हो असणार.

२० मार्च, गुरुवार

पहिली प्रॅक्टिस, आमच्या कोठारात.

भांडण सुरावरून. पाइपचा सूर जन्माला येताना ठरतो, त्याला पिळायला खुंटी नसते. माझा पाइप काळी पाचच्या जरा वर आणि पांढरी सातच्या जरा खाली, त्या फटीत बोलतो. माझ्या बापाने तिथेच वाजवला. हे लोक पांढरी पाचवाले. मी म्हटलं, सोपं आहे, तुम्ही सगळे वर या. ओडेल म्हणाला, “वर म्हणजे कुठे? दोन घरांच्या भिंतीत? तिथे राहायचं कसं, दाजी?” मी म्हटलं, खुंट्या पिळ. त्याने पिळल्या. तार तुटून सटकन हनुवटीवर बसली. रक्त आलं, थोडंसंच. त्याने जे शब्द वापरले ते इथे लिहीत नाही. माझी आई त्याला स्वतःच्या हाताने पाव खाऊ घालायची, आणि त्याने तिच्यावरूनच वापरले.

मग मी पिशवी फुगवली. खांद्यावरच्या तिन्ही नळ्या घुमायला लागल्या तशी पत्र्यावरची वर्षानुवर्षांची धूळ आमच्या डोक्यावर उतरली. कुत्रं ट्रकखाली गेलं ते गेलंच. क्लॉइडने तोंड उघडून काहीतरी म्हटलं. ऐतिहासिक क्षण, पण ऐकू आलं नाही. थांबल्यावर विचारलं, तर मान हलवली.

इमोजीनबाई म्हणाल्या, “मशीन काढलंय, तरी दातांतून ऐकू येतंय.”

एकंदर सुरुवात झकास. राग फक्त ओडेलचा.

२७ मार्च, गुरुवार

आज म्हणे, हेक्टर, जरा दारात उभा राहून बघ ना. राहिलो. मग म्हणे, दाराबाहेर. मग म्हणे, दाराबाहेरच, पण दार लोटून घे. डोक्यात तिडीक गेली. बँड काढला कुणी, आणि थंडीत कुडकुडतोय कोण? चमचेवाले आत स्टोव्हपाशी! आत जाऊन एकेकाला सोलून काढणार होतो, पण दारावर हात ठेवला तेवढ्यात लक्षात आलं. हे ध्वनीचं शास्त्र आहे. लढाईत मोठ्या तोफा नेहमी मागे ठेवतात. पुढे असतात ते हलके शिपाई, मरायला.

आत जाऊन त्यांना हे समजावलं. ओडेल म्हणाला, “बरोबर आहे दाजी. मग तोफ कुरणात न्यायची का?”

हळूहळू शिकतोय पोरगा.

३ एप्रिल, गुरुवार

कुरणात. गायींनी पान्हा चोरला. वर्ना चिडली. मी म्हटलं, संगीताला किंमत मोजावी लागते. ती म्हणाली, “मोजते मी. रोज सकाळी, बादलीत.”

१० एप्रिल, गुरुवार

ओढ्यापलीकडे. हा माझाच निर्णय. ओडेलने फक्त बोट दाखवलं होतं.

आज भयंकर भांडण. कोठाराची दारं सताड उघडी, ते लोक दारात, मी पलीकडच्या काठावर अक्रोडाखाली. धून एकच, सुरुवात एकत्र. तर हे लोक प्रत्येक वळणावर माझ्या पुढे! मी थांबून ओरडलो, पळू नका! तिकडून ओडेल ओरडला, तुम्ही रखडू नका! मी ओरडलो, मी जन्मात रखडलो नाही! तो ओरडला, तुमचा आवाज इथे पोचेपर्यंत आमची पुढची ओळ सुरू होते! म्हणजे आवाजाला ओढा ओलांडायला वेळ लागतो, हा माझा दोष! आवाज काय माझ्या बापाचा नोकर आहे? एक दगड उचलून ओढ्यात भिरकावला. पाणी माझ्याच किल्टवर, पाइपवाल्याच्या लोकरी घागऱ्यावर.

ओला किल्ट घालून घरी आलो. लोकर भिजली की मेंढीचा वास येतो. वर्नाने व्हरांड्यातच उतरवायला लावला.

१७ एप्रिल, गुरुवार

तोडगा निघाला. मीच काढला, वर्नाच्या तोंडून. ती ओढ्यापाशी मधोमध उभी राहते, हातात पांढरा टेबलक्लॉथ. वर केला की मी सुरू, खाली केला की बंद. मला जरा आधी खूण करते, म्हणजे माझा आवाज तिकडे वेळेवर पोचतो. बाईला संगीतातलं काही कळत नाही, पण फडकं बरं हलवते.

ओडेल म्हणतो, दाजी, तुम्ही धून वाजवू नका, एकच लांब सूर धरून ठेवा. पाइपचे नऊच्या नऊ सूर घेऊन जन्मलेल्या माणसाने एक धरायचा! माझं रक्त उकळलं. मग विचार केला, घराला खांब असतो तो काही नाचत नाही. उभा असतो. घर मात्र त्याच्यावर असतं.

खांब म्हणून उभा राहिलो. गाल दुखले.

२४ एप्रिल, गुरुवार

वर्ना आता कोठाराच्या दारापर्यंत मागे सरकलीय, त्यांच्यातच उभी असते. फडकं तिथूनच हलवते. मला इथून तिचं तोंड हललेलं दिसतं, मोठा आ करते. ओडेलवर ओरडत असणार. उशिरा का होईना, बायकोने नवऱ्याची बाजू घेतली.

१ मे, गुरुवार

प्रॅक्टिसनंतर विचारलं, इतका वेळ तोंड हलवत काय होतीस? ती म्हणाली, ताल चुकू नये म्हणून. म्हणजे आकडे मोजत होती. मी म्हटलं, मनातल्या मनात मोज, आ करून मोजलं की घशात चिलटं जातात. क्लॉइड हसला. क्लॉइड!

ओडेल म्हणाला, ताईला हीच पट्टी सोयीची आहे, आता बदलायची नाही. एक दोन तीन चार मोजायला पट्टी कशाला लागते, देव जाणे. पण सगळे एकदाचे माझ्या फटीत येऊन बसले, हे महत्त्वाचं. जिंकलो.

१५ मे, गुरुवार

मेळ्याच्या कमिटीवाली डार्लीन आज ऐकायला आली. मी पूर्ण पोशाखात, ओढ्यापलीकडे. बाई कोठारात बसली. मी इतका लांब सूर धरला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. फडकं खाली आल्यावर बघतो तर डार्लीन रुमालाने डोळे पुसतेय! पलीकडून मला दिसलं. बॅगपाइपने दगड रडतात असं माझा बाप म्हणायचा, ते खोटं नाही.

ओढा ओलांडून गेलो तेव्हा सगळे एकदम गप्प झाले. डार्लीन म्हणाली, शनिवारी संध्याकाळचं मोठं स्टेज तुमचं. अशी गोष्ट या दरीत तिने कधी ऐकली नव्हती म्हणे. मी नम्रपणे म्हटलं, रक्तातच असावं लागतं. ती वर्नाकडे बघून म्हणाली, हो ना.

आणि म्हणाली, पाइप मात्र असाच लांबून हवा. स्टेजसमोरच्या टेकडीवर. सूर्य मावळतोय आणि टेकडीवर एकटा पाइपर.

आधी भडकणार होतो. मग ते चित्र डोळ्यांपुढे आलं. रॅनल्ड खाली खुर्चीत, मी वर. मान उंच करून बघावं लागणार त्याला.

५ जून, गुरुवार

प्रॅक्टिसला मला बोलवायचं विसरले. कोठारात दिवे दिसले म्हणून गेलो तर बंद करून निघत होते. ओडेल म्हणाला, “तुमचा एकच सूर आहे दाजी, तो तुम्हाला पाठ आहे.” खरं आहे. कच्च्यांनाच प्रॅक्टिस लागते.

१४ जून, शनिवार

दाबून लिहिताना पेन्सिलचं टोक दोनदा मोडलं.

पशुखाद्याच्या दुकानात मेळ्याचं पोस्टर लागलंय. बँडचं नाव मी दिलं होतं “गिलिसची गर्जना”. पोस्टरवर काय आहे? “वर्ना गिलिस आणि कोठारवाले.” खाली बारीक अक्षरात, “सोबत टेकडीवरून पाइप.” पाइपचं नाव आहे, वाजवणाऱ्याचं नाही! छापखान्यातल्या गाढवाने फडकं हलवणारीचं नाव वर घातलं! दुकानदाराला म्हटलं, काढ. तो म्हणाला, कमिटीने लावलंय. मी स्वतः काढायला गेलो तर कोपरा फाटला, आणि नेमका तिथे रॅनल्ड. कोंबड्यांचं खाणं घ्यायला आला होता. म्हणतो, “अभिनंदन, हेक्टर. तुझी बायको काय गाते रे! डार्लीनने फोनवर ऐकवलं.”

टोमणा मारायचीही रीत असते. मी म्हटलं, माझी बायको गात नाही, मोजते. तो माझ्याकडे बघतच राहिला. सबंध दुकान बघत राहिलं.

१४ जून, रात्र

घरी येऊन वर्नाला पोस्टरचा किस्सा सांगितला, छापखान्याला नीट शिव्या घालून. ती बिस्किटांचं पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली, चूक नाहीये ती.

मी म्हटलं, म्हणजे?

म्हणाली, “मी गाते, हेक्टर. एप्रिलपासून गातेय. तू ओढ्यापलीकडे असतोस, तुझ्या कानाशीच भोंगा, तुला कसं ऐकू येणार?”

मी म्हटलं, गाते म्हणजे काय? कधी शिकलीस? कुणाला विचारून?

तेव्हा तिने हात थांबवले. म्हणाली, “आजीकडून. लग्न झालं तेव्हा भांडी घासताना गायचे. तू पाइप काढलास की थांबायचे. मग थांबलेच.” मग म्हणाली, “एकदा खाली येऊन ऐक ना. एकच गाणं.”

मी म्हटलं, आणि वर पाइप कोण फुंकणार?

म्हणाली, “कुणी नाही.”

कुणी नाही! मी माझा सबंध वसंत ऋतू चिखलात उभा राहून घातला आणि म्हणे कुणी नाही! दार आपटून बाहेर आलो. बिजागरी निखळली. झाडं छाटायचा सुरा घेऊन संध्याकाळपर्यंत ख्रिसमसची झाडं छाटली. एक पूर्ण रांग कोबीच्या गड्ड्यांसारखी दिसतेय. डिसेंबरात कुणी घेणार नाही. वर्नामुळे.

२२ जून, रविवार

बोलणं बंद. तिने आधी केलं की मी, यावर दुमत आहे. ताट वाढून ठेवते आणि व्हरांड्यात जाऊन बसते. मीही कमी नाही. मी ताट घेऊन कोठारात जातो. तिथे कुत्रं असतं.

ओडेल दार दुरुस्त करायला आला. म्हणाला, “दाजी, तुम्हाला राग येतो कशाचा? ती गाते याचा, की चांगलं गाते याचा?” मी म्हटलं, बिजागरी बसव आणि नीघ.

चांगलं गाते म्हणे. यांना काय कळतंय! मी जो खांब उभा केलाय त्याला टेकून कुणीही उभं राहील. खांब काढा, मग बघा.

३ जुलै, गुरुवार

ठरलं. मेळ्यात एक सूर धरायचा नाही. नऊच्या नऊ काढायचे. सगळ्यांच्या छातीत धडकी भरेल असं वाजवायचं. टेकडीवर मला अडवायला कोण येतंय? जगाला कळू दे पाइप कुणाचा आणि पोस्टर कुणाचं.

पिशवीची शिवण जरा सैल वाटली. मेण चोळायला हवं होतं. पण कारागिराने शिवतानाच नीट शिवायला नको? मी का चोळू?

१२ जुलै, शनिवार, सकाळ

मेळा. आभाळ निरभ्र. किल्टला इस्त्री मीच केली, वर्नाने विचारलंसुद्धा नाही. ती ओडेलच्या ट्रकमधून आधीच गेली. निळा झगा घातलाय, जो मी आधी पाहिला नव्हता. किंवा पाहिला असेन.

१२ जुलै, रात्र

जसं झालं तसं लिहितो. कुणाला दाखवायचं नाहीये.

टेकडी चढताना पहिला अपमान, एक पोलीस म्हणाला गाडी लावायची जागा तिकडे आहे. दुसरा, टेकडीवर एक जोडपं चादर पसरून कोंबडी खात बसलं होतं. त्यांना उतारावर खाली हाकललं. खाली मैदान खचाखच. पुढच्या रांगेत रॅनल्ड, पूर्ण पोशाखात, छातीवर पदकं. स्टेजवर एकच माइक आणि त्याभोवती चौघं. वर्ना मधे.

फडकं वर गेलं. मी पिशवी दाबली. पहिल्या गाण्याला खांब झालो, मुद्दाम, त्यांना बेसावध ठेवायला. टाळ्या पडलेल्या दिसल्या. दुसऱ्याला फडकं वर गेलं आणि मी सोडला पाइप मोकळा. नऊच्या नऊ सूर. रॅनल्डकडे बघून दाबली पिशवी. दुकानातल्या त्या लोकांकडे बघून दाबली. पोस्टरकडे बघून दाबली.

फट्‌कन आवाज झाला आणि काखेत गार वारा लागला. शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवली होती. मी तरी फुंकतच राहिलो. भोकातून वारा बाहेर, नळ्या मुक्या. पिशवीला लाथ घातली, ती घरंगळत कोंबडीवाल्यांच्या चादरीपर्यंत गेली. तोंडात आल्या तेवढ्या शिव्या दिल्या. सगळ्या संपल्या.

मग ऐकू आलं.

कुणी बाई गात होती. आवाज खालच्या पट्टीतला, जाडसर, कडेला जरासा फाटलेला. एका बाईचं गाणं होतं, जिचा नवरा डोंगरापलीकडे मीठ आणायला गेलाय आणि ती रोज त्याचं ताट वाढून ठेवते, मग स्वतःच जेवते, मग दोन्ही ताटं घासते. काही मोठं होत नाही त्या गाण्यात. पण माझ्या हाताला काही सुचेना. मी उभा होतो तिथेच उभा राहिलो.

मग संताप आला. कमिटीने आमच्या वेळात भलतीच गायिका घुसवली! इतकी चांगली बाई बाहेरून आणली, पैसे देऊन आणली असणार, आणि आम्ही काय हलके शिपाई? तसाच तरातरा टेकडी उतरायला लागलो, डार्लीनचा गळा धरायला. काटेरी झुडपात किल्ट अडकला. सोडवताना मान वर केली. तिथून स्टेज नीट दिसत होतं. निळा झगा. तोंड उघडत होतं आणि आवाज येत होता, तोंड मिटत होतं आणि आवाज थांबत होता.

पुढे उतरलो नाही. झुडपातच बसलो.

गाणं संपलं. मग सगळं मैदान उभं राहिलं. रॅनल्डने टोपी काढली. टेकडीकडे एकानेही पाहिलं नाही. पाइप मधेच बंद पडला हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

खांब काढला होता. घर उभं होतं.

चिडून लिहायला बसलो होतो. चिडलेलोच आहे. इतकी वर्षं एका घरात राहून मला कुणी सांगितलं कसं नाही? निदान ओरडून सांगायचं.

१३ जुलै, रविवार

सकाळी वर्नाने स्वतःहून विचारलं, कसं वाटलं? इतक्या दिवसांनी पहिला शब्द. आवाज घोगरा झाला होता तिचा. मी कितीतरी वाक्यं तयार ठेवली होती, काही रागाची, एकदोन दुसरी.

म्हटलं, बास जरा जास्त होता.

ती म्हणाली, “सांगते क्लॉइडला,” आणि कॉफी ओतायला वळली. मला स्वतःचा इतका राग आला की बिस्किट तसंच सुकं खाल्लं. ठसका लागला.

२० जुलै, रविवार

पलीकडच्या राज्यातल्या एका मेळ्याने बोलावलंय, सप्टेंबरात. ओडेल सांगायला आला. पायाने माती उकरत म्हणाला, “दाजी, तिथलं मैदान सपाट आहे. आसपास टेकडी नाही.”

मी म्हटलं, कळलं.

म्हणाला, “ट्रक मात्र तुमचाच मोठा आहे.”

त्याच्यावर असा ओरडलो की गोठ्यात गायी उठून उभ्या राहिल्या. ट्रक मागतो! संस्थापकाकडे! सप्टेंबरात कितव्या तारखेला जायचंय ते विचारायचं त्या नादात राहिलं.

पिशवी शिवायला टाकलेली नाही. बघू.

३१ जुलै, गुरुवार

वर्नाला म्हटलं, शास्त्राच्या दृष्टीने एकदा जवळून ऐकून बघायला हवं, म्हणजे चुका सांगता येतील. ती म्हणाली, ये. हात हलवत ये.

गेलो. कोठारात स्टोव्हपाशी गवताच्या गठ्ठ्यावर बसलो. कुत्रं येऊन पायाशी बसलं, आश्चर्य. ओडेलने बँजो लावला, क्लॉइडने मान हलवली. वर्नाने माझ्याकडे पाहिलं नाही, डोळे मिटले आणि सुरू केलं. तेच, मिठाचं.

ओडेल दुसऱ्या कडव्यात घाई करत होता, तरी बोललो नाही. फक्त पायाने ठेका धरला होता, तोही हळू.

इमोजीनबाईंनी फिडल थांबवलं. म्हणाल्या, “हेक्टर, पाय हलवू नकोस. ताल चुकतोय.”

थांबवला.